मंत्रिमहोदय, ऑपरेशन झालं, आता जेवणाचंही बघा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: जठर काढलेल्या रुग्णांना गावाजवळच बी-१२ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन आणि आहाराचा सल्ला मिळण्याबाबत

महोदय,

स.न.वि.वि. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यातला कोरडवाहू शेतकरी. माझ्या वडिलांचं वय ७६. जठराचा कॅन्सर निघाला आणि नागपूरच्या एका रुग्णालयात त्यांचं संपूर्ण जठर काढून टाकलं. ऑपरेशन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत झालं. आरोग्यमित्रानं कागदपत्रं धड लावून दिली, सर्जननं आपलं काम चोख केलं, आणि ऑपरेशनसाठी आम्हाला वावर विकावं लागलं नाही. हे आधी लिहून ठेवतो, कारण यापुढचं पत्र तक्रारीचं आहे.

बाबांची अन्ननलिका आता थेट लहान आतड्याला जोडलेली आहे. जठर म्हणजे घरातली ढोली होती. धान्य एकदा भरून ठेवलं की लागेल तसं काढायचं. ढोलीच गेली, त्यामुळं आता आलेला माल सरळ जात्यात पडतो. म्हणून एका वेळी अर्धी वाटी, दर दोन-अडीच तासांनी, दिवसातून सहा ते आठ वेळा. जेवताना पाणी प्यायचं नाही, अर्ध्या तासाच्या अंतरानं घोट घोट प्यायचं. साखर-गूळ जपून. घास इतका चावायचा की तोंडातच लगदा झाला पाहिजे. जेवून लगेच आडवं व्हायचं नाही. यातलं डिस्चार्ज कार्डावर किती होतं? इंग्रजीत एक ओळ: ‘सॉफ्ट डाएट, स्मॉल फ्रीक्वेंट फीड्स’. बाकीचं आम्हाला बाजूच्या खाटेवरच्या पेशंटच्या मुलीनं सांगितलं. तिच्या आईचं हेच ऑपरेशन आधी झालेलं होतं.

घरी आल्यावर भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. आमच्याकडं आजारी माणसाला बघायला रिकाम्या हातानं कोणी येत नाही. ग्लुकोजचा डबा, बिस्किटांचे पुडे, संत्री-मोसंबी. एका नातेवाइकानं मोठ्या मायेनं ग्लासभर ग्लुकोजचं पाणी बाबांना पाजलं. पंधरा-वीस मिनिटांत बाबांना दरदरून घाम सुटला, छाती धडधडायला लागली, पोटात कळ आली, डोळ्यांपुढं अंधारी. हार्ट अटॅक समजून शेजाऱ्याची गाडी काढली आणि रुग्णालय गाठलं. तिथं ईसीजीची पट्टी काढली, ती नॉर्मल. सलाईन लावून घरी पाठवलं. काय झालं होतं ते कोणी सांगितलं नाही.

याला डम्पिंग म्हणतात, हे फार पुढं कळलं. गोड पाणी एकदम आतड्यात उतरलं की आतडं शरीरातलं पाणी आपल्याकडं ओढून घेतं आणि माणूस गळून जातो. दुसरा प्रकार जेवणानंतर एक ते तीन तासांनी येतो. रक्तातली साखर भराभर चढते, शरीर गरजेपेक्षा जास्त इन्सुलिन सोडतं, मग साखर एकदम खाली येते आणि हातपाय थरथर कापतात. दोन्ही बऱ्याच अंशी टाळता येतात आणि त्याला खर्च शून्य आहे: घास लहान, गोड कमी, पाणी वेगळं. फक्त हे कोणीतरी सांगायला पाहिजे, आणि घरच्यांसोबत गावातल्या आशाताईंनाही सांगायला पाहिजे. त्यांचा शब्द पाहुणे मानतात, आमचा मानत नाहीत.

खायला काय द्यायचं, हा त्याहून मोठा घोळ. मोबाईलवर शोधलं तर ओट्स, ब्रोकोली, टोफू. पांढरकवड्याच्या बाजारात यातलं काय मिळणार? शेवटी माझ्या बायकोनं आपल्या चुलीवरूनच वाट काढली. ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून त्यात ताक. मुगाची खिचडी, वर तूप. अंडं रोज. पिठलं, दही, आणि जवसाची किंवा शेंगदाण्याची चटणी अगदी बारीक वाटून. दूध काही बाबांना मानवलं नाही, पोटात गुडगुड होऊन पातळ व्हायचं. या ऑपरेशननंतर अनेकांचं असं होतं, ताक-दही मात्र चालून जातं. गावातला प्रत्येक जण सांगायचा, ‘वरणाचं वरचं पाणी पाजा, ताकद येते.’ त्या पाण्यानं अर्धी वाटी भरली की झालं, खालच्या डाळीला जागाच उरत नाही. ताकद तर त्या डाळीत असते. म्हणून वरण घट्ट आणि तेच आधी, भात मागून. या सगळ्यावर बाबांची तक्रार एकच: ‘मले भाकर दे न बापा, हे लेकराचं खानं कायले लावलं?’ आता वरणात कुस्करून पाव भाकर देतो.

चावण्याची गोष्ट तर कोणाच्या ध्यानातच नसते. जठर गेल्यावर अन्न बारीक करायचं काम दातांवर येतं आणि ७६ वर्षांच्या माणसाच्या तोंडात दात किती असतात? बाबांचे समोरचे शाबूत, दाढा गेलेल्या. ऑपरेशनच्या आधी रक्त, छाती, हृदय सगळं तपासलं. तोंडात कोणी डोकावलं नाही. कवळी आधी बसली असती तर निम्मा त्रास वाचला असता. (बाबांनी उभं आयुष्य सुपारी-तंबाखूचा खर्रा खाल्ला. २०१२ मध्ये राज्यात गुटखाबंदी झाली, खर्रा मात्र आमच्या चौकातल्या पानठेल्यावर आजही घोटून मिळतो. तो विषय वेगळ्या पत्राचा.)

आता आमच्या घराचं सांगतो, म्हणजे ‘दिवसातून सहा ते आठ वेळा’ याचा गावातला अर्थ आपल्या लक्षात येईल. कापूस वेचणीच्या दिवसांत घरातलं प्रत्येक माणूस सकाळी वावरात जातं ते सांजच्यालाच परत येतं. दर दोन तासांनी कोणीतरी ताजं, मऊ, कोमट खाऊ घालायचं म्हणजे एक माणूस घरी बसवायचं. आमच्या घरी बायको थांबली. तिची वेचणी गेली आणि तिच्या जागी मजुरी देऊन बाई लावावी लागली. उन्हाळ्यात आणखी पंचाईत. आमच्याकडं पारा ४५च्या वर जातो, तहान सगळ्यांनाच लागते, पण हा माणूस तांब्याभर पाणी घटाघटा पिऊ शकत नाही. दिवसभर बाटलीतून घोट घोट पाजत राहावं लागतं, त्यासाठीही मागं माणूस लागतोच. नागपूरला दाखवायला न्यायचं तर ७५ वर्षांवरच्यांना एसटी मोफत आहे, त्याबद्दल आभार. पण हिंगणघाट, जाम, बुटीबोरी करत गाडी पोचेपर्यंत बाबांच्या खाण्याच्या दोन वेळा रस्त्यातच येतात. मांडीवर डबा उघडून, धक्के खात, चमच्यानं कण्या भरवायच्या.

रात्री घशाशी कडू पाणी यायचं. आम्ही बाजेच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवल्या, तेव्हा आराम पडला. त्याआधी जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवलं होतं, तर गॅसची गोळी मिळाली. जठरच नाही तर आम्ल बनणार कुठून? घशाशी येतं ते आतड्यातलं पित्त, त्याला ती गोळी काय करणार! तिथल्या डॉक्टरांना दोष देत नाही. त्यांच्यासमोर रांग असते आणि जठर नसलेला माणूस त्यांच्या टेबलापुढं कितीदा येत असेल? पण म्हणूनच कागद पाहिजे. बाबांच्या खिशात मराठीतला आणि डॉक्टरांच्या भाषेतला असा एकच पानाचा कागद असता, तर ती गोळी लिहिली गेली नसती.

वजनाचंही तसंच. या ऑपरेशननंतर वजन उतरणारच, पण ते कुठं थांबतं यावर लक्ष ठेवावं लागतं. घरी आहे तो कापूस मोजायचा इलेक्ट्रॉनिक काटा. बाबांना त्यावर उभं केलं की विचारायचे, ‘काय भाव लावतं मले?’ आकडा मी वहीत लिहून ठेवतो. ही वही बघायला मागणारं आजवर कोणी भेटलं नाही.

आता मुख्य मागणी. बी-१२ हे जीवनसत्त्व शरीरात शोषलं जायला जो घटक लागतो तो जठरातच तयार होतो. पूर्ण जठर काढलेल्या माणसाला त्यामुळं बी-१२ बाहेरून, साधारणपणे इंजेक्शनानं, जन्मभर द्यावं लागतं. यकृतात साठा असल्यानं कमतरता लगेच दिसत नाही, काही वर्षांनी दिसते. हातापायाला मुंग्या, चालताना तोल जाणं, विसरभोळेपणा. तोवर घरचे म्हणतात, वय झालं. ऑपरेशनशी कोणी सांगड घालत नाही आणि नसांचं जे नुकसान होतं ते पूर्ण भरून येईलच असं नाही. त्यात आणखी एक धोका आहे. असा माणूस थकवा आला म्हणून गेला, रक्त कमी निघालं, तर आपल्या यंत्रणेत हमखास काय मिळतं? लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी. फॉलिक ॲसिडनं रक्ताचा आकडा सुधारू शकतो आणि नसांची खराबी मात्र आतून चालूच राहते. म्हणजे रिपोर्ट चांगला आणि माणूस लंगडा.

आम्ही इंजेक्शन मागितलं तर ‘आमच्याकडं येत नाही, तालुक्याहून विकत आणा’ असं उत्तर. विकत आणलं तर टोचायला कोणी तयार नाही, कारण चिठ्ठी नागपूरची. इंजेक्शन स्वस्त आहे, साहेब. त्याच्यासाठी बुडणारी रोजी महाग आहे. तालुक्याला जायचं, परत यायचं, पुन्हा टोचणारा शोधायचा. असं झालं की लोक एक महिना सोडतात, मग दुसरा, आणि त्रास दिसत नसल्यानं चालून जातं असं वाटतं.

लाखाच्या घरातलं ऑपरेशन सरकार करतं. आयुष्मान योजनेत डिस्चार्जनंतरच्या औषध-तपासणीचा खर्च १५ दिवसांपर्यंत धरलेला आहे आणि हे इंजेक्शन तर मरेपर्यंतचं आहे. मधली जागा कोणाची? आमचं म्हणणं, ती प्राथमिक आरोग्य केंद्राची करा. लेकरांच्या लसीकरणाची यादी उपकेंद्रात असते, कोणाचा डोस कधी ते आशाताई दारात येऊन सांगतात. योजनेत कोणाचं जठर काढलं हे आपल्या संगणकात नोंदलेलं असणारच. ते नाव गावच्या केंद्राला कळवलं, तिथं बी-१२ ठेवलं आणि दर महिन्याला टोचताना वजन लिहिलं, तर नवीन इमारत लागत नाही की नवीन पद लागत नाही. एका गावात असा एखादाच पेशंट असेल. म्हणून तर सोपं आहे.

आहाराच्या कागदाचंही अवघड नाही. नागपूर, यवतमाळ, सेवाग्राम इथं वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथल्या आहारतज्ज्ञांना आणि आमच्या बायकांना एकदा एकत्र बसवा. कण्या, पिठलं, वरण, आंबील यांच्या वाट्या मोजून एक मराठी पान तयार होईल. कोकणात त्याचं दुसरं पान करा, तिथं मासे आहेत. ई-संजीवनीवर डॉक्टर भेटतात, आठवड्यातून एक दिवस आहारतज्ज्ञही बसवा.

आणि पैशाचं. औषधासोबत पोटात अन्न लागतं हे सरकारनं क्षयरोगाच्या बाबतीत मान्य केलंच आहे. निक्षय पोषण योजनेत २०१८पासून महिना ५०० रुपये मिळायचे, नोव्हेंबर २०२४पासून १,००० झाले. बाबांना श्रावणबाळचे १,५०० मिळतात, तेही येतील तेव्हा. रेशनवर गहू-तांदूळ आहे. अंडी, डाळ, तूप मात्र विकतच घ्यावं लागतं, आणि या माणसाच्या अर्ध्या वाटीत नेमकं तेच जायला पाहिजे. ऑपरेशननंतर निदान पहिलं वर्ष क्षयरुग्णाइतकी मदत खात्यावर आली, तर वेचणी सोडून घरी थांबणाऱ्या बाईला थोडा हातभार लागेल.

बाबांचं पुढचं इंजेक्शन पोळ्याच्या आसपास आहे. ते आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळेल की नाही, एवढं कृपया जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत लेखी कळवावं.

आपला,
केळापूर तालुक्यातील एक कापूस उत्पादक शेतकरी