औषध जातं कुठे?

प्रिय मेधा,

तू विचारतेस, टोब्रामायसिन या अँटिबायोटिकची ३०० मिलिग्रॅमची कुपी रोज दोनदा ओढून ओजसच्या फुप्फुसात पोचतं तरी किती? अगं, थोडंच. बरंचसं नेब्युलायझरच्या, म्हणजे औषधाचा वाफेसारखा बारीक फवारा करणाऱ्या यंत्राच्या, कपात राहतं, काही उच्छ्वासाबरोबर बाहेर जातं, काही घशाला चिकटून पोटात उतरतं. ही गळती डोस ठरवतानाच धरलेली असते, म्हणून तिची काळजी नको. रक्तात फारसं उतरत नाही, त्यामुळे कानांना आणि मूत्रपिंडांना इंजेक्शनपेक्षा धोका कमी, हा त्यातला फायदाच.

मला जास्त खुपतं ते वेगळंच. औषध जातं हवेच्या मागोमाग. कफाने बुजलेल्या नळ्यांत हवाच कमी शिरते, आणि स्युडोमोनास या जंतूने ठाण मांडलेलं असतं नेमकं तिथे. किरणोत्सारी द्रव्य मिसळून श्वासातून दिलेल्या औषधाच्या स्कॅनमध्ये हे डोळ्यांना दिसतं: मोकळ्या भागात छान पसरलेलं, मोठ्या नळ्यांच्या फाट्यांवर ठिपक्यांसारखं साचलेलं, आणि आजारी कोपऱ्यात जवळजवळ काही नाही. जे पोचतं त्यातलंही काही कफातल्या म्युसिनला (कफ चिकट करणाऱ्या प्रथिनाला) आणि डीएनएला चिकटून निकामी होतं.

म्हणून क्रम पाळ. आधी नळ्या रुंदावणारं औषध, मग तीव्र सलाईनची (जास्त मिठाच्या पाण्याची) वाफ, मग फिजिओ, म्हणजे छातीचा व्यायाम, करून कफ काढायचा, आणि अँटिबायोटिक सगळ्यात शेवटी. घाईच्या सकाळी फिजिओ गाळून थेट टोब्रामायसिन देणं म्हणजे ते निरोगी भागावर उधळणं. (कफ पातळ करणाऱ्या डॉर्नेसची वेळ डॉक्टरांनाच विचार.)

थेंबांचं म्हणशील, तर १ ते ५ मायक्रॉनचे कामाचे. त्याहून मोठे घशातच आदळतात, आणि मुलांच्या अरुंद नळ्यांत तर जास्तच. त्यात ओजस रडत असेल तर वाफ थांबव. रडताना मूल लांब श्वास सोडतं आणि झटक्यात आत ओढतं, तेव्हा औषध घशाच्या पलीकडे फारसं जात नाही. मास्क गालाला घट्ट न लागता बोटभर दूर राहिला तरी बहुतेक फुकट. आता तो सात वर्षांचा आहे, मास्क सोडून माउथपीस दे. पाठ ताठ, श्वास संथ, आणि नाकाने श्वास घेत नाही ना ते बघ.

पूर्वी पाव तासात संपणारी वाफ आता रेंगाळत असेल, तर नेब्युलायझर तुंबला असणार. तो बदलून घे, आणि पुढच्या तपासणीला ओजसचा सीटी मला पाठव.

तुझी,
अनघा