निवासी शाळेतील बाईंना अनावृत आभारपत्र

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

सांगलीतील आमच्या महिला मंडळाची आपल्या कर्णबधिर व अंध मुलांच्या शाळेला झालेली भेट मुलांच्या उपयोगी पडली असेल, तर त्याचे श्रेय आपण आधी घेतलेल्या कष्टांना आहे, आणि ते चारचौघांत सांगावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

काय आणावे, असे फोनवर विचारले तेव्हा आपण आडपडदा न ठेवता सांगितलेत, की खाऊ आणि कपडे सणावारी येतच असतात. कमी पडतो तो ब्रेलचा जाड कागद आणि श्रवणयंत्रांचे १३ व ६७५ क्रमांकाचे सेल. या सेलवरची चिकटपट्टी काढली की हवा आत शिरून तो सुरू होतो आणि यंत्र बंद ठेवले तरी उतरत राहतो, तेव्हा ती पट्टी कोणी हौसेने काढू नये, असेही आपण बजावलेत. तासिका मोडून कार्यक्रम होणार नाही आणि वस्तू देतानाचे फोटो काढायचे नाहीत, या आपल्या दोन्ही अटी मला अत्यंत रास्त वाटल्या. देणगी देणाऱ्या प्रत्येक मंडळाला त्या घातल्या पाहिजेत.

अंध मुलाजवळ जाताना आधी आपले नाव सांगावे, त्याचा हात ओढू नये, आपले कोपर त्याला धरायला द्यावे, निघतानाही सांगून निघावे. कर्णबधिर मुलांशी बोलताना उजेड आपल्या चेहऱ्यावर पडेल असे उभे राहावे आणि ओठांवर हात किंवा पदर आणू नये, हे सारे आपण समजावलेत, म्हणूनच आम्हाला मुलांशी मोकळेपणाने बोलता आले. सहावीतल्या एका मुलीने ब्रेलपाटीवर माझे नाव लिहून दाखवले. ती उजवीकडून डावीकडे भराभर टोचत गेली, कागद उलटून तिने माझे बोट त्यावरून डावीकडून उजवीकडे फिरवले. मला नुसती खरखर लागली आणि तिने मात्र त्याच ओळीतली स्वतःची एक चूक हाताने शोधून काढली. सहा टिंबांच्या ६३ रचनांमध्ये मराठीची सगळी अक्षरे आणि अंकही बसतात, हे तिने मला ठणकावून सांगितले.

ध्वनिक्षेपक नको, मिरजेहून तंबोरा आणा, ही आपली सूचना तर मी कधीच विसरणार नाही. सतारमेकर गल्लीतून आणलेला तो तंबोरा अंध मुलगी छेडत होती आणि तिच्या समोर बसलेला कर्णबधिर मुलगा भोपळ्यावर दोन्ही तळवे टेकवून होता. खर्जाच्या तारेचे कंपन थांबले की तो तिच्या मनगटावर बोट टेकवी आणि ती पुन्हा तार छेडी. तिला त्याच्या खुणा दिसत नाहीत, त्याला तिचे बोलणे ऐकू येत नाही, तरी एकमेकांना चिडवण्याइतकी त्यांची गट्टी जमली होती, आणि ती जमावी म्हणून आपण किती दिवस खपला असाल, हे मी समजू शकते.

दहावीच्या अंध विद्यार्थ्यांना परीक्षेत त्यांनी सांगितलेली उत्तरे लिहून देणारा खालच्या इयत्तेतील लेखनिक मिळणे अवघड जाते, असे आपण निघताना म्हणालात. आमच्या मंडळातील काही जणींची मुले यंदा नववीत आहेत आणि पालकांची संमती आम्ही घेतली आहे. सरावासाठी त्यांना केव्हा पाठवावे, ते कळवावे.

आपली कृतज्ञ,
मंडळाच्या वतीने एक सदस्या, विश्रामबाग, सांगली