जेम्स विल्सन यांची उपेक्षा नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या २५०व्या वर्षानिमित्त मराठीत जे लिहिले जाते, त्यात वॉशिंग्टन, जेफरसन, हॅमिल्टन ही नावे हमखास असतात. जाहीरनामा आणि राज्यघटना या दोन्हींवर सही करणाऱ्या अवघ्या सहा जणांपैकी एक असलेले जेम्स विल्सन मात्र त्यात क्वचितच दिसतात, याची खंत वाटते.

विल्सन यांचा जन्म १७४२ साली स्कॉटलंडमधील फाइफ परगण्यात, एका शेतकऱ्याच्या घरी झाला. १७६५ च्या सुमारास ते अमेरिकेत गेले, फिलाडेल्फियात जॉन डिकिन्सन यांच्या हाताखाली कायदा शिकले आणि वकिलीत नावारूपाला आले. ब्रिटिश संसदेला वसाहतींवर कायदे करण्याचा अधिकारच नाही, हे त्यांनी १७७४ मध्येच पुस्तिका लिहून मांडले होते.

१७८७ च्या घटना परिषदेत राष्ट्राध्यक्ष थेट जनतेने निवडावा, सिनेटही थेट मतदानाने यावी, असा आग्रह त्यांनी धरला. दोन्ही सूचना तेव्हा मान्य झाल्या नाहीत; सिनेटची थेट निवडणूक घटनेत यायला १९१३ साल उजाडले. मात्र प्रतिनिधिगृहातील राज्यांच्या जागा ठरवताना गुलामांच्या एकूण संख्येपैकी तीन पंचमांश संख्या लोकसंख्येत धरण्याचा प्रस्तावही विल्सन यांनीच मांडला होता. ज्यांना मताचा अधिकारच नव्हता त्यांच्या जोरावर दक्षिणेकडील राज्यांच्या जागा वाढल्या, आणि हा डाग झाकून त्यांचा गौरव करणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

पुढे ते सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या न्यायमूर्तींपैकी एक झाले. युद्धकाळात पुरवलेल्या मालाचे पैसे थकवल्याबद्दल जॉर्जिया राज्यावर दावा झाला, तेव्हा १७९३ च्या निकालपत्रात त्यांनी लिहिले की, एकटा माणूस करार पाळायला बांधील असेल तर माणसांनी मिळून उभारलेले राज्यही तितकेच बांधील आहे. अकराव्या घटनादुरुस्तीने तो निकाल निष्प्रभ केला, तरी सरकारकडे बिले अडकलेल्या कोणालाही त्यातला युक्तिवाद आजही पटेल.

जमिनींच्या सट्ट्यात ते बुडाले. पदावर असतानाच कर्जापायी त्यांना तुरुंगवास घडला. त्यातला एक तर घटनेवर त्यांच्यासोबत सही केलेल्या पिअर्स बटलर यांच्या कर्जामुळे. १७९८ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातील ईडन्टन गावी ते वारले आणि त्यांच्या अस्थी फिलाडेल्फियात परत आल्या त्या थेट १९०६ साली. या लाजिरवाण्या शेवटामुळेच त्यांचे नाव मागे पडले असावे, असे मला वाटते. पण माणसाचे कर्ज आणि त्याने घटनेला दिलेला विचार यांचा हिशेब वेगवेगळा मांडायला हवा.

आपल्या दैनिकाने यानिमित्ताने विल्सन यांच्यावर एक स्वतंत्र लेख द्यावा आणि त्यात तीन पंचमांशाची हकीकतही सविस्तर यावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक