फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते

चि. सागर,
अनेक आशीर्वाद.

परवापासून धुळ्याचा तो व्हिडिओ गावभर फिरतोय. तोंडाला पांढरा रुमाल बांधून गाडीच्या काचेवर दांडा मारणारं पोरगं. चाल तुझ्यासारखी वाटली. तू नसशीलही. नसलास तर तेवढं कळव आणि पुढचं वाचू नकोस.

कापसाचा राग मला कळतो. हमीभाव ८११० जाहीर झाला आणि त्याच हंगामात बाहेरच्या कापसावरचं आयात शुल्क काढलं. व्यापाऱ्याने खळ्यात येऊन किती खाली मागितलं, ते तू काट्याजवळ उभा राहून ऐकलंस. रस्त्यावर उतरलास याचं वाईट वाटलं नाही, उलट ऊर भरून आला. तुझे आबाही शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला लावून रस्त्यावर बसायचे. पोलीस आले की नाव-गाव स्वतःहून सांगायचे. तोंड कधी बांधलं नाही त्यांनी. रुमाल कशाला रे लागला?

आणि गाडी कोणाची होती? विनूमामा म्हणतात, पुढाऱ्याची नव्हतीच, भाड्याची होती, ड्रायव्हरच मालक. काकांची काळीपिवळी आठव. थर्ड पार्टी विम्यात आपल्या गाडीची काचसुद्धा भरून मिळत नाही. हप्ता मात्र थांबत नाही. त्या माणसाने कापसाचा भाव पाडला होता का?

मामांनी कायदाही सांगितला. न्याय संहितेचं ३२४ कलम: नुकसान वीस हजारांच्या वर गेलं तर दोन वर्षांपर्यंत कैद, लाखावर गेलं तर पाच. जमाव त्याच उद्देशाने जमला असेल, तर दांडा दुसऱ्याच्या हातात असला तरी १९० खाली सगळेच अडकतात. मग तुझी पोलीस भरती? चारित्र्य पडताळणी? पहाटेचं ते धावणं सगळं

बघ, लागले वर्गात बोलल्यासारखी बोलायला. राग मानू नकोस.

नंदुरबारच्या सहलीला तू चौथीत होतास. शिरीषकुमारच्या स्मारकापाशी मी पोरांना ९ सप्टेंबर १९४२ सांगत होते आणि तू मध्येच विचारलंस, "त्याची आई कुठे होती?" मला पुढे बोलताच येईना. पंधरा-सोळा वर्षांचं पोर, हातात तिरंगा, समोर बंदुका. येताना बसमध्ये तू माझ्या मांडीवर झोपलास. एवढा जड झाला होतास की दोंडाईचापर्यंत पाय बधिर झाले. कुणाचं काही न फोडता तो गोळीसमोर उभा राहिला. तू असा उभा राहिलास तर मी घाबरेन, पण अडवणार नाही. रुमालामागे तू असशील तर मला काय वाटावं, तेच कळत नाही.

पप्पांना अजून सांगितलेलं नाही. आजी रोज विचारते, "पोऱ्या जेवना का?" तू असशील तर रविवारी पहिल्या एसटीने ये. ठाण्यात मामा सोबत येतील, ड्रायव्हरकडे मी येईन. काचेचे पैसे पोस्टातल्या आरडीतून काढू; ती तुझ्याच नावाची आहे. जबाबात जे घडलं तेच सांगायचं. पोराला खोटं शिकवायचं नाही, असं मी मामांनाही बजावून ठेवलंय.

तुझी,
मम्मी