भारंगीची पानं खुडा, पण मूळ राहू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की सगळ्याच पेपरांत रानभाज्यांवर लेख येतात, तुमच्याकडेही येतात आणि मी ते आवडीने वाचतो, पण भारंगीबद्दल दरवेळी एक गोष्ट खटकते म्हणून लिहितोय. रेसिपीखाली एक ओळ असते, "दमा-खोकल्यावर गुणकारी". वाचणाऱ्याला वाटतं ही भाजीच औषध आहे. अहो, भाजी होते ती कोवळ्या पानांची नि फुलांची, आणि आयुर्वेदात श्वास-कासावर, म्हणजे दमा-खोकल्यावर, जे सांगितलंय, भारंग्यादि काढ्यात जे पडतं, ते मूळ. हा फरक लिहिलाच नाही तर कोणीतरी कुदळ घेऊन निघतो.

आणि तिथेच घात होतो. भारंगी उन्हाळ्यात वरून वाळून जाते, वणव्यात जळते सुद्धा, पण जमिनीखालचा लाकडासारखा गड्डा जिवंत असतो आणि पाऊस पडला की त्यातूनच नवे फुटवे येतात. शेंडे खुडले तरी परत फुटते, गड्डा खणून काढला की कायमची गेली. त्यात बाजारात भारंगमूळ म्हणून भलत्याच झाडांची मुळं पण विकली जातात, सुकल्यावर आपल्यासारख्याला काय कळणार, म्हणजे झाडही गेलं आणि औषधाचीही खात्री नाही.

भाजी मात्र जरूर खावी. कडू असते, म्हणून पानं चिरून उकडायची, पाणी पिळून टाकायचं, मग लसूण, कांदा, भिजवलेली मूगडाळ आणि वरून ओलं खोबरं, बास.

फोटो छापताना तेवढं नीट बघा. भारंगीच्या पानाला करवतीसारखे दाते असतात, एका पेरावर दोन किंवा तीन पानं, फुलाच्या चार पाकळ्या फिकट निळ्या आणि खालची पाचवी तेवढी गडद जांभळी, पुंकेसर लांब, बाहेर वाकून आलेले. सह्याद्रीत फिरताना हे फूल एकदा जवळून बघाच, इतकं देखणं आहे! शास्त्रीय नावाने तिला पूर्वी क्लेरोडेन्ड्रम सेरॅटम म्हणायचे, 1998 पासून रोथेका सेराटा म्हणतात आणि आता ती तुळशीच्या कुळात धरतात, त्यामुळे माहिती शोधताना दोन्ही नावं टाकून बघावीत.

माझी विनंती एवढीच की यंदा रेसिपीशेजारी एक चौकट द्या: फक्त कोवळे शेंडे घ्या, थोडे तुरे बी धरायला झाडावर ठेवा, मूळ खणू नका. आणि रानभाजी महोत्सव भरवणाऱ्यांनी जुड्यांच्या शेजारी भारंगीची रोपं पण विकायला ठेवावीत, परसात सहज लागते ती.

आपला,
एक नियमित वाचक