शिवलेली होडी

चि. बाय,

अनेक आशीर्वाद.

आम्ही फ्रान्सहून सुखरूप पोचलो. एक गोष्ट निघायच्या गडबडीत सांगायची राहिली, म्हणून लिहितोय. शेवटच्या दुपारी तुझा तास होता, आई झोपली होती, तेव्हा मी एकटाच मार्सेयच्या त्या मॉलला लागून असलेल्या इतिहास संग्रहालयात गेलो होतो. तू रोज तिथून जातेस, पण आत गेलेली नाहीस.

१९६७ साली मॉलसाठी खोदताना तिथे जुनं बंदर लागलं. समुद्र मागे हटलाय, आणि धक्क्याचे दगड आता हिरवळीत उभे आहेत. आत १९७४ला सापडलेलं मोठं रोमन मालवाहू जहाज आहे. लोक त्याच्यापुढेच थांबतात. मी मात्र एका लहान होडीपाशी अडकलो.

इ.स.पू. ६०० च्या सुमारास आजच्या तुर्कस्तानातल्या फोकाया गावाहून आलेल्या ग्रीकांनी हे गाव वसवलं. होडी त्याच शतकातली, १९९३ला सापडलेली. फळ्यांच्या कडांना ओळीने भोकं. बाय, ती होडी शिवलेली आहे! जवसाच्या धाग्याने फळीला फळी शिवून वर मेण आणि राळ फासलेली.

वेंगुर्ल्याला मामांची रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची, होडी अशीच सुंभाने शिवलेली होती. मी लहानपणी विचारलं होतं, खिळे का नाहीत? तर म्हणाले, "खिळो कशाक? रेवेर आपटली तर होडी वाकाक होयी." काचेपलीकडची ती शिवण पाहताना मला त्यांचे राळेने काळे झालेले हात दिसले. डोळे भरून आले. तुला ते फोनवर सांगता आलं नसतं.

आणखी एक. त्या होडीच्या आत, राळेत, पोवळ्याचे तुकडे चिकटलेले सापडले. म्हणजे ती पोवळी काढणाऱ्यांची होडी होती. पुढे रोमन काळात प्लिनी नावाच्या लेखकाने लिहून ठेवलंय की, रोमन बायकांना हिंदुस्थानातल्या मोत्यांचं जेवढं मोल, तेवढंच हिंदुस्थानातल्या लोकांना पोवळ्याचं. ते तांबडं पोवळं मुख्यतः याच भूमध्य समुद्रातलं. आजीची पोवळ्याची अंगठी तुझ्या बोटात आहे, म्हणून हे तुला कळायलाच हवं.

तिथल्या अभ्यासकांनी २०१३ला तशीच होडी पुन्हा शिवून पाण्यात सोडली. आपल्याकडेही गोव्यात दिवाडीला अलीकडेच काथ्याने शिवून आख्खं जहाज बांधलं, 'कौंडिण्य'. शिवणारे हात अजून शिल्लक आहेत, याचा मला फार आनंद झाला.

या रविवारी जा. अंगठी घालून जा. आणि भोकांमधलं अंतर अंदाजाने किती बोटं भरतं ते बघून कळव. मामा बोटांनीच मोजायचे.

आईचा आशीर्वाद.

तुझे,
बाबा