चौकटीवरच्या वादाआधी यादी करा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

ऐरोली-महापे पट्ट्यातल्या आयटी कंपन्यांत, तसेच टीटीसी औद्योगिक क्षेत्र आणि ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या कारखान्यांच्या संगणक विभागांत ‘एंटरप्राइज आर्किटेक्चर’साठी वेगळी माणसे नेमली जातात. काम मोलाचे आहे. संस्थेत कोणती सॉफ्टवेअर चालतात, ती एकमेकांना कोणती माहिती देतात आणि कोणते कधी बदलायचे, हे एकत्रितपणे पाहणारे दुसरे कोणी नसते. पण हे काम कसे मांडावे ते सांगणाऱ्या चौकटींपैकी टोगॅफ घ्यावे की झॅकमन, ‘कॅपॅबिलिटी’ (संस्थेची क्षमता) कशाला म्हणावे, आर्किमेट या आराखड्यांच्या चिन्हभाषेत कोणता बाण काढावा, या वादांत महिने जातात. तोवर प्रत्यक्ष चालू असलेली यंत्रणा कोणी तपासलेली नसते.

चौकटी टाकाऊ आहेत असे आमचे म्हणणे नाही. झॅकमन यांची मांडणी १९८७ पासूनची. तिच्यातले काय, कसे, कुठे, कोण, केव्हा आणि का हे प्रश्न आजही कामी येतात. टोगॅफ तर आपल्या संस्थेला बेतून घ्या, असे स्वतःच सांगते. तरीही लोक चौकटीतले सगळे रकाने भरत बसतात.

सुरुवात एका व्यवहारापासून करावी. उदाहरणार्थ, ऑर्डर आल्यापासून पैसे जमा होईपर्यंत. त्यात येणाऱ्या प्रत्येक सॉफ्टवेअरसाठी एक ओळ: नाव, काम, व्यवसायाच्या बाजूने जबाबदार असलेले पद (‘आयटी विभाग’ असे लिहिले तर ओळ वाया गेली), माहिती कुठून येते आणि कुठे जाते, सर्व्हर व डेटाबेसची आवृत्ती, तिचा सपोर्ट (उत्पादक कंपनीकडून मिळणाऱ्या सुरक्षा दुरुस्त्या) संपण्याची तारीख आणि ग्राहकांची वैयक्तिक माहिती आहे की नाही. एवढ्यासाठी एक्सेल पुरते. विंडोज सर्व्हर २०१२ चा वाढीव (एक्स्टेंडेड) सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ ला संपला. असे सर्व्हर अजून कुठे चालू आहेत, हे या एका रकान्यातून कळते.

सर्वात जास्त चुका सॉफ्टवेअरमधल्या जोडण्यांच्या नोंदीत होतात. नुसते विचारून जोडण्या सापडत नाहीत, कारण रात्री फाइल उचलणारी स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) कोणाच्याच लक्षात नसते. शेड्युलरमधले जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामे), फायरवॉलचे नियम, फाइली पाठवण्याच्या एसएफटीपीचे फोल्डर, डेटाबेस लिंक आणि सर्व्हिस अकाउंटचे (सॉफ्टवेअरच वापरत असलेल्या खात्यांचे) लॉगिन तपासावे लागतात. किमान एक महिनाअखेर पाहावी. काही जॉब वर्षातून एकदाच, मार्चअखेर चालतात. म्हणून जुने सॉफ्टवेअर बंद करताना ते काही काळ फक्त वाचण्यापुरते चालू ठेवावे.

दुसरा मोठा घोळ ग्राहकांच्या यादीचा. विक्रीची यादी वेगळी, हिशेबाची वेगळी. त्या जुळवताना जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणीचा क्रमांक) हीच ग्राहकाची ओळख धरली जाते आणि तिथेच गाडी अडते. हा क्रमांक १५ अक्षरांचा. पहिले दोन अंक राज्याचे, पुढची दहा अक्षरे पॅन. एकाच कंपनीचा महाराष्ट्रातला क्रमांक २७ ने आणि गुजरातमधला २४ ने सुरू होतो, म्हणजे यादीत एक ग्राहक दोनदा येतो. नोंदणी नसलेल्या ग्राहकाला तर क्रमांकच नसतो. त्यामुळे ग्राहकाला स्वतंत्र संकेतांक द्यावा, त्याखाली जीएसटीआयएन कितीही असोत, आणि तो संकेतांक कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये तयार होणार हे लिहून ठरवावे. या एका निर्णयाने चुकीची बिले आणि उधारीचे खोटे आकडे टळतात.

यादी जुनी होतेच. म्हणून बदलाच्या मंजुरीलाच ती बांधावी: ओळ दुरुस्त झाल्याशिवाय बदल प्रॉडक्शनवर, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या यंत्रणेवर, जाणार नाही. मोठ्या निर्णयाचे एक पान पुरे. अडचण काय, पर्याय कोणते, काय निवडले आणि त्याची किंमत काय.

सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना सहा तासांत कळवाव्या लागतात. बाधित सर्व्हर कशाकशाला जोडलेला आहे, हे त्या सहा तासांत शोधत बसणे परवडणारे नाही. तेव्हा कंपन्यांच्या व्यवस्थापनाला विनंती, की आर्किटेक्चर विभागाच्या पुढच्या आढाव्यात आराखड्यांची पाने मोजू नयेत. कोणत्याही एका सर्व्हरचे नाव घ्यावे आणि तो आज बंद पडला तर कोणते काम थांबेल, हे विचारावे.

आपले,
एंटरप्राइज आर्किटेक्चरचे काम करणारे काही वाचक,
ऐरोली, नवी मुंबई